नागलीला बांधलेली फीत

नागलीच्या कणसांना कुणी लाल फीत बांधतं का? बांधतं. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. खोडाळ्याच्या अलीकडे आमचा पाडा आहे, त्याच्या वरच्या अंगाला आमचं शेत. तिथं, आश्विनातल्या एका सकाळी, दुकानाच्या उद्घाटनाला लावतात तसली चकचकीत सॅटिनची फीत, आणि तिच्यामागे माझ्या आईची पिकून उभी असलेली नागली, म्हणजे तुमची नाचणी. आठवलं की अजून माझं डोकं फिरतं.

मी मुंबईत एका थिंक टँकमध्ये काम करते. अजून करते, म्हणून नाव सांगत नाही. परराष्ट्र धोरणावर संशोधन करणारी, सरकारला टिपणं पाठवणारी, देशोदेशीचे निवृत्त राजदूत बोलावून चर्चा घडवणारी ही संस्था. पाड्यावर हे समजावता समजावता माझी पुरेवाट झाली. आईनं एकदा विचारलं होतं, "तुमी तिथं करता तरी काय?"

म्हटलं, "देशांनी एकमेकांशी कसं वागावं, त्याचा अभ्यास."

"मग वागतात काय तसं?"

"नाही."

"मग पगार कसला देतात?"

पण खोटं कशाला बोलू, सगळंच काम वाया जाणारं नसतं. समुद्री हद्दी, नद्यांचे तंटे, व्यापाराच्या अटी, यांवर आमच्याकडे माणसं वर्षानुवर्षं डोळे फोडून वाचतात, आणि मंत्रालयातल्या घाईच्या माणसांना ते आयतं मिळतं. शिवाय आमच्याकडे प्रशिक्षण चालतं. परराष्ट्र सेवेतले नवे अधिकारी येतात, मित्रदेशांतलेही येतात. त्यांना शिकवतात: कुणाच्या उजवीकडे कोण बसतं, कुठला झेंडा आधी, दुसऱ्याच्या देशात पाऊल टाकल्यावर पहिल्यांदा काय करायचं आणि काय चुकूनही करायचं नाही. या सगळ्याला राजशिष्टाचार म्हणतात. आमच्या संस्थेचे प्रमुख, एक निवृत्त राजदूत, हा विषय स्वतः शिकवायचे. त्यांना सगळे नुसतं साहेब म्हणायचे.

मी लिहिलेला एक निबंध या सगळ्याच्या मुळाशी आहे. आपली नागली पूर्व आफ्रिकेतही घरोघर खातात. तिथल्या डोंगरातली बाई आणि आमच्या मोखाड्याची बाई एकच दाणा दळते. मग धोरणं आखताना हे नातं कुणी धरत का नाही, असं मी विचारलं होतं. आमच्या संचालिका मॅडमना ते भारी आवडलं. "आपण बॅचला तुझ्या गावीच नेऊ या!" त्या म्हणाल्या. "कापणी दाखवू, भाकरी खाऊ. जव्हारला राहू, शिरपामाळ बघू." मला आनंद झाला. का होऊ नये? आश्रमशाळेत पहिल्या दिवशी गुरुजींचं मराठी ऐकून मी रडले होते, घरी आम्ही आमचीच बोली बोलायचो. आणि आता माझ्या दारात परदेशी अधिकारी येणार होते.

पण त्यांना कापणी दाखवायची म्हणजे आमच्या पाड्याची रीत सांगणं आलं.

आमच्याकडे नवी नागली कुणीही आधी कापत नाही, आधी चाखत नाही. कणसरीला, म्हणजे आमच्या धान्याच्या देवीला, पहिली कणसं ठेवायची, मग बाकीच्यांनी इळे, म्हणजे विळे, बाहेर काढायचे. ती पहिली कणसं कापायचा मान दरवर्षी एका घराचा. त्या घरच्या बाईनं आपल्या शेतात, आपल्या इळ्यानं कापायची. पाळी घरामागून घर फिरते. त्यात वशिला नाही, श्रीमंत-गरीब नाही. फक्त एक आहे. पाळी आली आणि घर बंद असलं, माणसं कामाला बाहेर गेलेली असली, तर पाळी पुढच्या घरी जाते. थांबत नाही. पाड्यावर वीस-बावीस घरं आहेत, म्हणजे एकदा हुकली की पुन्हा यायला जन्म अर्धा सरतो.

आईची एकदा हुकली होती. तेव्हा बाबा होते, आणि दोघं भिवंडीला गोदामाच्या बांधकामावर होती. परत आली तेव्हा शेजारच्या काकीच्या सासूनं कापून झालं होतं. आई त्यावर कधी बोलली नाही. पण दर आश्विनात बांधावर उभी राहून ती दुसऱ्या बाईचा हात बघायची, आणि पुढं कोण, त्याच्या पुढं कोण, हे तिला तोंडपाठ असायचं. पाहुणे यायच्या त्या वर्षी पाळी पुन्हा आमच्या घरी आली. आई पावसाळाभर कुठं गेली नाही. आजारी भावाला बघायला वाड्याला जायचं होतं, तेही तिनं लांबवलं. "घराला कुलूप दिसाया नको," म्हणाली. पुढची पाळी येईल तेव्हा ती असेल की नाही, कोण जाणे.

हे सगळं मी मुंबईतल्या बैठकीत सांगितलं. शब्दन् शब्द. आईच्या आधी शेताला कुणाचा हात लागता कामा नये, पाहुण्यांनी बांधावर उभं राहून बघायचं, मग जेवायचं.

मॅडमचे डोळे चमकले. "म्हणजे उद्घाटनच की हे!"

मी म्हटलं, "नाही. उद्घाटन नाही. तिची पाळी आहे."

"हो हो, तेच गं."

कार्यक्रमाचा कागद आला, त्यात माझी आई जेवणानंतर होती. सांस्कृतिक सादरीकरण म्हणून. सादरीकरण! मी मॅडमच्या केबिनमध्ये गेले आणि ते खोडायला लावलं. साहेबांना वेगळं जाऊन सांगितलं. त्यांनी मान तिरकी करून ऐकलं, तसं ऐकायलाही ते शिकवायचे, आणि म्हणाले, "यजमानांची रीत सर्वोच्च." मला वाटलं, चला, समजलं. कसलं समजतंय! पालथ्या घड्यावर पाणी.

त्या दिवशी मी आदल्या दिवसापासून घरी होते. बस जव्हारहून निघून आधी शिरपामाळला जाणार, तिथं शिवरायांच्या मुक्कामावर आणि राजनीतीवर व्याख्यान होणार, मग दुपारच्या आत आमच्याकडे. इकडे आईनं उजाडताच आंघोळ करून इळा शेतात नेऊन ठेवला. आमच्यात इळा आधी जातो, बाई मागनं जाते. सागाच्या पानावर इळा, त्याला हळद-कुंकू, बाजूला तांदळाचे चार दाणे. मग ती घरी आली, बायका जमल्या, ताट भरणं चाललं होतं. आई नवं लुगडं नेसली होती आणि उगाचच सगळ्यांवर खेकसत होती. एवढी खुशीत मी तिला क्वचित पाहिलीय.

तेवढ्यात शेताकडनं टाळ्या ऐकू आल्या.

फोटोग्राफरला सकाळचं ऊन हवं होतं म्हणून त्यांनी शिरपामाळ नंतर ठेवलं आणि बस सरळ आमच्या शेताच्या वाटेला आणली. मला फोन नाही, निरोप नाही. शेतात बघतात तर काय, हळद-कुंकू लावलेला इळा तयार! आता तुम्हीच सांगा, कुंकू लावलेला इळा, समोर पिकलेलं शेत आणि आसपास कुणी नाही, हे बघून साध्या माणसाला काय वाटेल? कुणाची तरी पूजा आहे, थांबावं, हाक मारावी. यांना काय वाटलं? प्रमुख पाहुण्यांसाठी सोय केलीय! ज्यांचा जन्म कोनशिला उघडण्यात आणि दीप लावण्यात गेला, त्यांनाच असं वाटू शकतं. आमच्या एका असिस्टंटच्या बॅगेत कार्यक्रमाचं सामान कायम असतं, फीत, काडेपेटी, वाती. त्यानं फीत काढून कणसांना बांधली. आणि पदानं सगळ्यांत ज्येष्ठ कोण? साहेब. राजशिष्टाचार!

आम्ही धावत पोचलो तेव्हा साहेबांच्या एका हातात माझ्या आईचा इळा होता, दुसऱ्या हातात कणसांचा झुबका, त्याला ती लाल फीत लोंबत होती. प्रशिक्षणार्थी टाळ्या वाजवत होते. आई हातात ताट घेऊन बांधावर उभी राहिली. 

"या, या आई!" साहेब म्हणाले. "आता पुढचं तुमच्या हस्ते!"

मी ओरडले. हो, ओरडले, साहेबांवर, सगळ्यांसमोर. "तुम्हाला सांगितलं होतं ना! तिच्या आधी हात लावायचा नाही म्हणून सांगितलं होतं ना!"

साहेबांचा चेहरा क्षणभर पडला, मग पुन्हा शिकवलेला झाला. "अरेरे, थोडी घाई झाली वाटतं."

फोटोग्राफर म्हणाला, "काही टेन्शन नाही, मॅडम. रीटेक घेऊ."

रीटेक. माझ्या आईच्या अर्ध्या जन्माच्या पाळीचा रीटेक. त्या माणसाला मी तिथंच शेणात लोळवायला हवं होतं.

एकच मुलगी पुढं आली. युगांडाची तरुण अधिकारी होती, जिनं आदल्या आठवड्यात मला तिच्या आजीच्या नागलीच्या पेजेबद्दल सांगितलं होतं. तिनं हळूच विचारलं, "हे तुझ्या आईनं करायचं होतं का?" मी हो म्हटलं. तिनं मान खाली घातली आणि टाळ्यांच्या घोळक्यातून बाजूला जाऊन उभी राहिली. बाकीच्यांनी आमच्या अंगणात बसून जुन्या नागलीची भाकरी, उडदाचं वरण आणि ठेचा मिटक्या मारत खाल्ला. आईनंच वाढलं. मी तिच्या हातातलं भांडं ओढलं तर म्हणाली, "सोड. पाव्हणा उपाशी धाडायची रीत नाय आपली." मला तिचाही राग आला. जाताना ते कणसांचा झुबकासुद्धा घेऊन गेले, फितीसकट. संध्याकाळच्या सत्रात टेबलावर शोभेल म्हणून.

बस गेल्यावर माणसं आमच्या अंगणात बसली. पाड्यावरच्या सगळ्यांत वयस्कर म्हाताऱ्याला आम्ही सगळेच आजा म्हणतो, रितीभातीचा शब्द त्याचा चालतो. एक जण म्हणाला, परक्यानं कापलं ते मोजायचं कशाला, ढोरानं तोंड घातलं असं समजा. मी म्हटलं, बरोबर! पण आजानं मान हलवली. ढोर तोंडानं खातं. इथं इळा लागला, आणि इळाही तिचाच, शेतही तिचंच. कणसरीला काय दिसलं? या घराचा इळा चालला. मग तो म्हणाला, "एक होईल. ज्यानं कापलं त्यानं येवून कणसं तिच्या पदरात टाकावी, बोलावं, ही माजी नव्हती, तुजी हायत. मग तिनं ठेवली का झालं. पण उद्या उन्हं वर यायच्या आत. पीक गळाय लागलंय, पाडा किती थांबंल?"

बस, एवढंच. ना दंड, ना कोंबडा. एका माणसानं यायचं आणि एक वाक्य बोलायचं.

मी मिळेल ती जीप पकडून मोखाडा, तिथून जव्हार केलं. रस्ताभर माझ्या मनात एकच, येईल, म्हातारा माणूस आहे, आयुष्य यातच घालवलंय, येईल. रिसॉर्टच्या हॉलमध्ये दिवे लागले होते. टेबलावर झेंड्यांच्या ओळीशेजारी काचेच्या भांड्यात आईची कणसं. आणि सत्र कशावर? तणावाच्या प्रसंगी संवाद कसा राखावा यावर. मी दारात उभी राहून आजाचा निरोप सांगितला. उद्या सकाळी लवकर निघालं तर दीड-दोन तासांचा रस्ता, एक वाक्य, परत.

साहेबांनी मान तिरकी केली. "मला तुमच्या भावना समजतात. पण उद्या मला दिल्लीला पोचायचंय. आणि संस्थेच्या प्रमुखानं स्वतः जाणं म्हणजे एक पायंडा पडतो. आपण संस्थेतर्फे खेद कळवू."

"खेद नकोय, साहेब. तुम्ही हवे आहात."

मॅडम मध्ये पडल्या. "अगं, आईंना शाल देऊ, स्मृतिचिन्ह देऊ. ड्रायव्हरबरोबर आत्ता पाठवते." जखम मांडीला आणि मलम शेंडीला!

आणि मग साहेब प्रशिक्षणार्थींकडे वळले. वळले आणि म्हणाले, "पाहा, हे किती सुंदर उदाहरण आहे. स्थानिक संवेदनशीलता. तुम्ही या प्रसंगात काय कराल? दहा मिनिटं गटात चर्चा करा." खुर्च्या सरकल्या. गट झाले. माझ्या आईवर चर्चा सुरू झाली. कुणी म्हणालं भेटवस्तू द्यावी, कुणी म्हणालं त्रयस्थ मध्यस्थ नेमावा, आणि फळ्यावर मुद्दे उतरू लागले. जायचं कुणी म्हणालं का? युगांडाच्या त्या मुलीनं म्हटलं. "आपण जाऊ या ना," ती म्हणाली, "लांब थोडंच आहे?" तिचा मुद्दा फळ्यावर शेवटी लिहिला गेला.

मी म्हटलं, "साहेब, तुम्ही आयुष्यभर दुसऱ्यांच्या देशांत पाहुणे म्हणून राहिलात. दुसऱ्याच्या दारात 'येऊ का' विचारायचं असतं, हे कुणी शिकवलंच नाही तुम्हाला? राजाच्या महालात गेला असतात तर चपला काढून उभे राहिला असतात. माझ्या आईच्या शेतात फीत बांधलीत!" भांड्यातली कणसं मी उचलली. पाणी टेबलभर सांडलं, झेंडे भिजले. कुणी अडवलं नाही. ती फीत तेवढी तिथंच टाकून आले.

रात्री मोखाड्याला मैत्रिणीकडे राहून सकाळच्या पहिल्या जीपनं खोडाळ्याच्या वाटेला लागले. पाड्यावर पोचले तर सगळे शेतातच होते. मी कणसं आजापुढं धरली. त्यानं माझ्या मागं वाटेकडे पाहिलं. वाट मोकळी होती.

"तू कापलीस काय?" आजानं विचारलं.

"नाही."

"मग तू कशी देशील, बाय?" तो मऊ आवाजात बोलला, म्हणून जास्त लागलं. "झालं. पाळी म्होरं गेली."

म्होरं म्हणजे शेजारच्या काकीच्या घरी. काकी आणि आई, दोघींचं बांधावरून कितीदा वाजलेलं. एका वर्षी तर पावसाळाभर बोलल्या नव्हत्या. काकीनं आपला इळा घेतला, दोन पावलं चालली आणि थांबली. मग मागं आली आणि इळा आईपुढं धरला. "घे गं. माज्या शेतात काप. माजी पाळी तू घे."

मी म्हटलं, "घे आये! घे ना! ती स्वतः देतेय!"

आईनं हात पुढं केला नाही. "नको. तुजी तुला ऱ्हावदे. मी तुजी घेतली तं उद्या कोणी पन कोणाची घेल."

"मी देते ना!"

"तू देशील. तुजी सून उद्या इचारंल, आपली पाळी कुठं गेली, तं काय सांगशील?" आणि तिनं काकीच्या पाठीला हात लावून तिला तिच्या शेताकडे वळवलं.

काकीनं कापलं. तिचे डोळे वाहत होते, तसंच कापलं. कणसरीला ठेवलं. मग पाड्याचे इळे बाहेर पडले. आम्ही आमच्या शेतात आलो. साहेबांनी कापलेल्या जागी खुंट दिसत होते. मला तिथं उभंही राहवेना. मी रडत होते, शिव्या देत होते, संस्थेला, साहेबांना, मॅडमना, आजाला, त्या मूर्ख रितीला, सगळ्यांना. आणि मग आईला. "तुला काहीच कसं वाटत नाही?" मी म्हटलं. "जेवू घातलंस त्यांना! काकी देत होती तेही घेतलं नाहीस! तुला राग येत नाही का गं?"

आई वाकली होती, ती सरळ झाली. तिच्या चेहऱ्याकडे मी त्या दोन दिवसांत पहिल्यांदा नीट पाहिलं. रात्रभर ती झोपली नव्हती.

"राग नाय येत?" ती म्हणाली. "काल त्या सायबाच्या ताटात वाढतावख्ती कढत वरण होतं माज्या हातात. त्याच्या त्याच हातावर वतावं वाटलं मला. कसं धरलं भांडं, माजं मला ठाव." तिनं पदरानं तोंड पुसलं. "पन नागली कोणाच्या रागासाठी थांबत नाय. कणसं गळाया लागलीत. चल, वाक."